कोऱ्या तबकडीचा वेग

व्हर्लीन पेटवे या बाईंना संगीतातले काही कळते, असे माझे मत कधीच नव्हते, आजही नाही. डेट्रॉइटच्या पूर्व भागात त्यांचे बायकांचे केस करण्याचे दुकान आहे. टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रत्येक मैफलीत त्या डाव्या स्पीकरजवळ उभ्या राहतात, कारण तिथे पंख्याचा वारा लागतो, आणि पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत बोलत राहतात. तरीही कलाकार मंचावरून उतरला की आधी त्यांच्याच गळ्यात पडतो. मी विद्यापीठात संगीताचे रीतसर शिक्षण घेतले, कित्येक वर्षे परीक्षणे लिहिली. मला तो लांबूनच हात करतो.

अल्बमची छपाई सुरू होण्यापूर्वी कारखान्यातून चाचणीच्या तबकड्या येतात. त्यांच्या मधल्या पांढऱ्या चकतीवर नाव नसते, मिनिटाला किती फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची तेही नसते. त्यांतली एक कलाकार आपल्या विश्वासातल्या माणसाला ऐकायला देतो. त्या माणसाने होकार दिला की मगच छपाई, आणि त्याची खूण संगीत संपते तिथल्या मोकळ्या कडेवर कायमची कोरली जाते. टेक्नोतला नावाजलेला कलाकार कॉर्टेझ लॅम्पकिन याचा अल्बम फार वर्षांनी येणार होता. त्या कडेवर माझे नाव असावे, एवढीच माझी इच्छा होती.

तबकडी व्हर्लीनबाईंना मिळाली.

“त्याच्या आईचे केस करत होते मी,” रविवारी दुपारी आपल्या अंगणात जमलेल्यांना त्या सांगत होत्या. “तर हा म्हणतो, मिस व्हर्लीन, घेऊन जा, ऐकून सांगा. लाव रे, रूफस!”

शेगडीवर फासळ्या भाजत असलेल्या शेजारच्या रूफसने चिमटा बाजूला ठेवला, हात पुसले आणि सुई टेकवली. मे महिन्यातल्या महोत्सवात मी ही रचना प्रत्यक्ष ऐकली होती. आता ती जड, खोल, रेंगाळत चालली होती.

“थांबवा!” मी म्हणालो. “ही पंचेचाळीसची तबकडी आहे. तुम्ही तेहतीसवर लावली आहे.”

“प्रोफेसर,” रूफस म्हणाला, “फासळ्या उलटायच्या आधी पण तुम्हाला विचारू का?”

सगळे हसले. बाई म्हणाल्या, “चुकलं तर चुकलं, बाळा. नाचतायत ना सगळे? तुझापण पाय हलत होता. मी पाहिलं.”

माझा पाय हलत नव्हता.

तेवढ्यात आपल्या आईने भाजून दिलेला रताळ्याचा गोड पदार्थ घेऊन कॉर्टेझ फाटकातून आत आला. मी पुढे होऊन घडलेला प्रमाद त्याच्या कानावर घातला. त्याने हात वर करून मला गप्प केले आणि बाजू संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

“मिस व्हर्लीन, हे माझंच?”

“तुझंच रे. जरा दमानं घेतलंय, एवढंच.”

“कधीपासून काहीतरी डाचत होतं मला,” तो म्हणाला. “आता वेगाला हात लावू नका.”

पूर्ण अल्बम त्याने त्या संथ, तेहतीसच्या वेगात नव्याने कोरून घेतला. शरद ऋतूत तो दुकानात आला, तेव्हा मीही रांगेत होतो. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली. कडेवर कोरले होते: ‘व्हर्लीनच्या अंगणातला वेग’.

वास्तविक, वेग चुकल्याचे त्या अंगणात एकट्या माझ्या लक्षात आले होते. बाईंनी केवळ चूक केली. ती चूक आहे हे ओळखले मी. तरीही नाव त्यांचे! परवा रूफस भेटला.

“काय प्रोफेसर, ऐकलात का अल्बम?”

“सदोष आहे,” मी म्हणालो.

“पण घेतलात ना?”

मी परीक्षण लिहिले, त्यात बाईंचा उल्लेख कटाक्षाने टाळला. घरी मात्र मी ही तबकडी पंचेचाळीसवरच लावतो. ती धावत सुटल्यासारखी वाजते, एकही स्वर नीट टेकत नाही. तरीसुद्धा पंचेचाळीसवरच लावतो.