टॅबमध्ये न बसणारी कौसाबाई

“तुम्ही एकदा येऊन बघाच,” असं सर्वेक्षण करणाऱ्या वंदनाताई फोनवर म्हणाल्या आणि मी त्याच दिवशी पुण्याहून नागपूरचं तिकीट काढलं. चार वर्षं मी फावल्या वेळात एका मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर काम करतेय. आजारपणात कोण कोणाला विचारतं, हे आरोग्य-संशोधक त्यात नोंदवतात. माणूस म्हणजे वर्तुळ, संबंध म्हणजे रेघ. पण ते कोणी वापरताना मी कधी पाहिलंच नव्हतं!

नागपूरहून भंडारा एसटीने दीड-दोन तास. स्टँडबाहेर तर्री-पोहे खाच, तर्री मात्र बेताने. तिथून वंदनाताईंच्या स्कूटरवर पवनीमार्गे गोसीखुर्द धरणाकडे. धान कापलेल्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, लाखोळीचं कडधान्य हिरवंगार झालं होतं आणि मी मागे बसून विनाकारण हसत होते.

धरणामुळे उठवलेल्या लोकांच्या वसाहतीत शेवंताबाईंच्या ओसरीवर वंदनाताईंनी टॅब उघडला. मी केलेलं बटण दाबलं. उमटलं की शेवंताबाईंचं वर्तुळ! मी जवळजवळ टाळ्याच वाजवणार होते.

मग आजारपणात कोणाला विचारता, यावर शेवंताबाईंनी कौसाबाईचं नाव सांगितलं आणि टॅब म्हणाला, नाव सापडलं नाही. कौसाबाई जुन्या गावातली शेजारीण, पण तिला दुसऱ्या वसाहतीत जागा मिळालेली. नाव शोधायचं ते फक्त त्याच गावच्या यादीत, ही अट मीच घातली होती.

दुसरं नाव सांगा, असं वंदनाताईंनी सुचवलं. शेवंताबाई हटेनात.

“धरणानं गाव दोन जागी नेलं. ताप आला का मी अजूनबी तिलेच फोन करून पुसतो,” त्या म्हणाल्या. “तुमच्या डब्ब्यात ते काहून नाही बसत?”

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. प्रकल्पाच्या प्रमुख बाईंना फोन करून परवानगी घेतली आणि तिथेच चटईवर बसून ती अट काढली. दोन तास गेले. मधे शेवंताबाईंनी झिंग्यांचा रस्सा आणि भात वाढला. असा रस्सा मी जन्मात खाल्ला नव्हता. शेवटी रेघ वसाहतीबाहेर गेली आणि मी आणि वंदनाताई चक्क नाचलो.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंच्या वसाहतीचा नंबर होता. एकीचं उत्तर दुसरीला सांगायचं नाही, हा कडक नियम. मी ओठ घट्ट मिटून बसले. दुखलं-खुपलं तर कोणाला विचारता, एवढंच वंदनाताईंनी विचारलं.

“शेवंतीले,” कौसाबाई म्हणाल्या. “आनखी कोणाले?”

वंदनाताईंनी खाली मान घालून नोंद केली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पळाले आणि अंगणात एकटीच हसत सुटले.

आता पुण्यात परत आलेय. या पोस्टमधली सगळी नावं बदललेली आहेत. नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली, बदलांच्या यादीत एक ओळ लिहिली: ‘दुसऱ्या गावातली व्यक्ती आता निवडता येते.’ एवढी साधी ओळ लिहायला मला चार वर्षं आणि एक प्रवास लागला. त्या दोघींना एकमेकींचं उत्तर मी कधीच सांगू शकणार नाही. पण त्यांना ते सांगायची गरज आहे, असंही वाटत नाही.