खंजिरीवरचा फोटो

वाटूरच्या सत्यशीलाच्या घरी खंजिऱ्या तयार होतात, हे ऐकून लोक आधी हसायचे, आणि खंजिरी हातात घेऊन उन्हाकडे धरली की दचकायचे. आत माणूस दिसायचा. कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा, कुणाच्या मनगटाची चिंचोक्याएवढी हाडं.

"अगं बाई, ही नुसती वाजंल का रातच्याला उठून बोलंल पन?" गाण्याच्या मंडळातली पुष्पाबाई पहिल्यांदा म्हणाली होती, आणि तरी तिनं ती खंजिरी खाली ठेवली नव्हती. आवाजच तसा होता. टणक, स्वच्छ.

हे सगळं सुरू झालं ते सासूच्या हट्टामुळं. सासरे रखमाजी तरणेपणी गावाची हलगी वाजवत. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचं आणि वाढलेलं पदरात घेऊन यायचं. धर्मांतर केलं त्या साली त्यांनी ती हलगी अंगणात पायाखाली फोडली आणि घरात पुन्हा कातडं येणार नाही, असं सांगून टाकलं. त्यांच्या माघारी सोनूबाईनं तो शब्द धरून ठेवला. शंभराव्या जयंतीसाठी बायकांचं गाण्याचं मंडळ निघालं, तेव्हा ती सुनेला म्हणाली, "गानी म्हना, टाळ्या वाजवा, ताट बडवा. पर कातडं ह्या उंबऱ्याच्या आत आलं तर मी भायेर."

सत्यशीला दहावीपर्यंत शिकलेली. सासूशी वाद घालण्यापेक्षा वाट काढावी, या मताची. तिचा भाऊ मच्छिंद्र जालन्यात एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. लोक एक्स-रे काढतात आणि न्यायला येतच नाहीत. असे जुने फोटो खोल्या अडवून बसतात आणि शेवटी रद्दीत जातात, हे तिनं त्याच्याकडून ऐकलं होतं. तिनं एक मागून घेतला, ताणून धरला आणि बोटानं टिचकी मारली. त्या टिचकीवर तिचं काम ठरलं.

मच्छिंद्र मग दोन-तीन दवाखान्यांतून गठ्ठे आणू लागला. बाजारात फाटक्या चाळण्या मिळायच्या, त्यांची जाळी काढून टाकली की लाकडी गोल हाती लागायचा. फाट्यावरच्या हॉटेलातून सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं आणून ती हातोडीनं सपाट करायची, ती झाली झांज. फिल्म गरम पाण्यात मऊ करायची, गोलावर ताणायची, काठ दुमडून बारीक चुका ठोकायच्या. गार झाली की ती अशी आवळून बसायची की नखानं खाजवलं तरी बोलायची. चुका ठोकायला आणि झांजेसाठी खाचा पाडायला नवरा मदत करी. संपतचं फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं हत्यारं घरचीच.

संपत गेल्या पावसाळ्यापासून खोकत होता. "हवा मारून मारून धुरळा जातो नरड्यात," म्हणायचा. रात्री कुशीवर वळून खोकायचा, सकाळी हसून दाखवायचा. गालफडं बसली होती. सत्यशीला दहा वेळा म्हणाली असेल, दवाखान्यात चला. त्याचं ठरलेलं उत्तर, "जाऊन आल्तो मी. काई न्हाई म्हनले." कुठल्या दवाखान्यात, कोण म्हणालं, हे तो सांगत नसे, आणि तिनंही फार खोदलं नाही. हे नंतर तिला फार लागलं.

जयंतीला दोन दिवस राहिले होते. विहाराच्या ओट्यावर तालीम चालली होती, उन्हं तिरपी झाली होती. गाणं थांबलं तशी पुष्पाबाईनं आपली खंजिरी सवयीनं सूर्याकडे धरली.

"हे बघ गं सत्ये, माझ्यावाल्याच्या गळ्याजवळ गाठ हाय. हाड मोडून वाकडंच बसलंय बिचाऱ्याचं."

"बघू," म्हणून सत्यशीलानं हात पुढं केला, तो उगाच, बोलण्याच्या ओघात.

डाव्या बाजूचं हासळीचं हाड मध्येच उचललेलं होतं, वाटाण्याएवढी गाठ देऊन पुन्हा खाली उतरलेलं. अकरा वर्षं ती ते हाड बघत आली होती. लहानपणी संपत लिंबावरून पडला, गावातल्या एकानं ओढून बसवलं ते असं बसलं. अंघोळीला उघडा बसला की पाणी त्या गाठीवरून वळून जायचं.

आणि त्या हाडाखाली, जिथं काळं दिसायला पाहिजे होतं, तिथं पिंजलेल्या कापसासारखं पांढरं पसरलं होतं. काळं असंल तर चांगलं, पांढरं असंल तर वाईट, एवढं मच्छिंद्रनं तिला शिकवलं होतं.

"काय झालं गं?" पुष्पाबाई म्हणाली. "तोंड काऊन असं केलंस?"

खंजिरी पदरात घेऊन सत्यशीला घराकडे चालू लागली.

गोल कापताना फोटोचे कोपरे उरायचे. ते तिनं टाकले नव्हते, वनस्पती तुपाच्या डब्यात भरून ठेवले होते. नाव, गाव, तारीख कोपऱ्यातच असायची, कंपाउंडरनं पांढऱ्या शाईनं लिहिलेली. तिनं डबा जमिनीवर उपडा केला, विळ्याच्या टोकानं खंजिरीच्या चुका उपटल्या, फिल्म मोकळी केली आणि एकेक कोपरा तिच्या काठाला लावून बघू लागली. सोनूबाई चुलीपुढून ओरडली, "चांगली झाल्याली काऊन मोडायलीस?" तिला ऐकू आलं नाही.

सातवा की आठवा तुकडा बराबर बसला.

संपत रखमाजी, वाटूर. वय ३६. १७-१०-९०.

ती तो कोपरा हातात धरून किती वेळ बसली होती, ते तिला नंतर सांगता आलं नाही. एकच चित्र डोळ्यापुढं होतं. याच महिन्यातली दुपार. संपत मांडी घालून बसलाय, तोंडात चुका, हातात हातोडी, आणि हीच फिल्म गोलावर ठोकतोय. "दाबून धर गं," म्हणतोय. स्वतःच्या छातीत चुका मारतोय, आणि दोघांनाही पत्ता नाही.

फाट्यावर संपत ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. तिनं फिल्म आणि कोपरा जोडून त्याच्यापुढं धरला.

"हे कोन?"

त्यानं वाचलं. ट्यूब पाण्यात सुटली.

"कुठून आनलंस?"

"मी आनलं न्हाई. तुमीच ठोकलंय ते. पुष्पाबाई आठ दिस झालं वाजवून राह्यली."

त्यानं ओल्या बोटानं कोपरा पुन्हा फिल्मला जुळवून बघितला. मग हळूच म्हणाला, "मच्छिंद्र जिथं न्हाई असा दवाखाना हुडकला म्या. तिथून बी आनतो व्हय तो?"

"एवढंच विचारायचंय तुमाला?"

"फोटो काढला. डाक्टर म्हनला, संध्याकाळी या, दाखवतो. म्या जेवलो न्हाई, चहा पेलो न्हाई, स्टँडवर बसून राह्यलो. पाच वाजता वाटूरची गाडी लागली अन् बसलो तिच्यात."

"काऊन?"

"तुला काय ठाव. बापाला खोकला झाल्ता तवा मी धा वर्साचा होतो. त्याचं ताट येगळं, तांब्या येगळा, गोठ्यात खाट. आई दुरून भाकर सरकवायची. मेला तवा ताट बी त्याच्यासंग पुरलं." त्यानं हात फडक्याला पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. "नाव कळालं न्हाई तवर मानूस घरात तरी निजतो."

सहा महिने हा माणूस माझ्या उशाशी हे घेऊन निजला, तिला वाटलं. तिला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. "उद्या पयली गाडी," एवढंच ती बोलली.

जालन्याच्या डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ मळके, घड्या पडलेले फोटो बघितले असतील. पण काठाला भोकंच भोकं असलेला, गोल कापलेला, वर कोपरा धरून दाखवावा लागणारा फोटो त्यांनी पहिल्यांदाच बघितला. दिव्याच्या काचेवर लावला तर कडेनं चुकांची भोकं लखलखायला लागली.

"हे काय केलंय?"

"खंजिरी, सर," सत्यशीला म्हणाली.

डॉक्टरांनी काठावरचं एक भोक बोटानं चाचपलं. मग नवा फोटो काढून आणायला लावला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. समजावून सांगायची गरज नव्हती. जुन्यात वर मुठीएवढा कापूस होता, नव्यात तो खालपर्यंत उतरला होता आणि मधोमध एक पोकळ गोल पडला होता.

"आज सुरू केलं तर बरे व्हाल," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने रोज इंजेक्शन, एकूण आठ महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही. ऑक्टोबरात आला असता, तर आता निम्म्याच्या पुढं गेलो असतो."

संपत खुर्चीच्या काठावर पुढं सरकला. "ताट येगळं करायचं का?" त्यानं विचारलं.

"तोंडावर फडकं धरून खोका, घरच्यांना तपासून घ्या. ताटानं काही होत नाही."

डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि सत्यशीलाला विचारलं, "असे किती केलेत तुम्ही?"

"चौदा."

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. चौदा माणसं फोटो काढून निघून गेलेली, आणि आपण त्यांच्यावर झांजा लावल्या.

डबा तिनं मच्छिंद्रच्या हवाली केला. बहुतेक फोटो हातापायाचे निघाले. संपत सोडून छातीचे तीन. दोघांपर्यंत निरोप पोचले. तिसरा कोपरा तिच्याकडेच राहिला. नंदाबाई, आष्टी. वय २२. तारीख ऑक्टोबरातलीच.

घरी सोनूबाईला सांगितलं तेव्हा ती भिंत धरून खाली बसली. संध्याकाळी तिनं लेकाचं ताट आपल्या ताटाला खेटून मांडलं. संपतनं ते मागं ओढलं, तिनं पुन्हा खेटवलं.

गोळ्या लागू पडल्या. पहिल्या दिवशी लघवी तांबडी झाली, तर संपत घाबरून ओरडत बाहेर आला. महिनाभरात खोकला उतरला, भूक लागली, गालफडं भरली. फाट्यावरचे लोक म्हणू लागले, "काय संपतराव, सासुरवाडीला जाऊन आलात काय?" सत्यशीलाची झोप परत आली.

मग एका सकाळी आरोग्य केंद्रातला कंपाउंडर तिला बाजारात भेटला. "ताई, संपतराव गावाला गेले का? नऊ दिवस झाले, इंजेक्शनला आले नाहीत."

रोज सकाळी तो "जाऊन येतो" म्हणून निघत होता. हॉटेलात चहा पिऊन परत येत होता. पिशवीत गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती.

"अगं बरा झालो की मी," तो म्हणाला. "कुल्ला बघ, चाळन झाली सुयांनी. बिलकुल खोकला न्हाई. उगं कशाला?"

ती भांडली नाही. बोलून उपयोग होणारा हा माणूस नाही, हे तिला आता माहीत होतं. तिनं फळीवरचा कोपरा काढला. "आष्टीला चला माझ्यासंग. ही बाई राह्यलीय. मानूस दवाखान्यातून काऊन पळतो, ते तुमाला बराबर सांगता येईल तिला."

त्याला ते आवडलं. धुतलेला सदरा घातला, केस चोपडले. परतूरला गाडी बदलली, तिथून आष्टीपर्यंत तो बोलतच होता. "म्हनावं बाई, मह्याकडं बघ. दीड म्हैन्याखाली उठता येत नव्हतं. आज सायकल मारतो."

आष्टीत विचारत विचारत घर सापडलं. दारात एक म्हातारी खाटेवर शेवया वाळत घालत होती. ती नंदाबाईची सासू, गिरिजाबाई. पाणी दिलं, बसा म्हणाली. संपतनं ठरवून आणलेलं सगळं सांगितलं, छाती ठोकून दाखवली, आणि शेवटी म्हणाला, "सुनंला बोलवा. म्या समजावतो तिला."

म्हातारीनं शेवयांची काडी खाली ठेवली.

"फोटो आनायला गेली न्हाई, खरंय. हितल्याच डाक्टरनं गोळ्या देल्त्या. दोन म्हैन्यात पोरगी अशी झाली, तुमच्यावानी. खोकला गेला, अंगावर मास आलं. आमी बी म्हनलो, बरी झाली, बंद कर." ती संपतच्या भरलेल्या गालांकडे बघत होती. "शिमग्याला रगत पडलं. आदल्या दिसापसवर तर पानी भरत व्हती. दोन दिसात गेली."

आतून तान्हं पोर रडलं, तशी म्हातारी उठून आत गेली.

परतीच्या गाडीत संपत खिडकीकडे तोंड करून बसला. सत्यशीलानं एकदा त्याच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं नाही. वाटूरला उतरल्यावर घराचा रस्ता डावीकडे होता. तो उजवीकडे वळला. ती मागून चालत राहिली.

आरोग्य केंद्र बंद व्हायच्या बेतात होतं. कंपाउंडरनं कुलूप हातात घेतलेलं. संपत सरळ आत शिरून टेबलापुढं उभा राहिला.

"नऊ राह्यल्यात मह्या," तो म्हणाला. "सगळ्या आजच देता येत्यात का?"

कंपाउंडर त्याच्याकडे आणि मग दारातल्या सत्यशीलाकडे बघू लागला. संपतनं बाही वर सरकवली होती. सुई कुठं देतात हेसुद्धा तो विसरला होता.