पनवेल मंडळीची जर्मनीतली मिशनरी

परत येऊन आठ महिने झाले, तरी खांदा कॉलनीत कोथिंबीर घ्यायला उतरले की कोणीतरी अडवतंच. "काय गं रूथ, युरोप कसं होतं?" आता याचं एका वाक्यात काय उत्तर देणार? एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, दुसरा समजायला तिसरा सांगावा लागतो, आणि घरी मम्मी वरणाला फोडणी द्यायची थांबलेली असते. परवा तर भाजीवाल्यानंच आठवण करून दिली, "ताई, मागच्या टायमाला तुम्ही ट्रेनमध्ये बसला होता. पुढं काय झालं?"

म्हणून एकदाचं लिहून काढते. ट्रेनचंही येईल.

*

आमची पनवेलची मंडळी छोटी. मंडळी म्हणजे चर्च आणि चर्चमधली माणसं, आम्ही दोन्हीला तेच म्हणतो. ऐंशीएक माणसं, एक ढोलकी, एक कीबोर्ड आणि गेल्या वर्षी भिंतीवर लावलेला मोठा टीव्ही. पप्पा निवृत्त शिक्षक आणि मंडळीचे सेक्रेटरी.

जर्मनीतल्या एका लहानशा गावात चर्चचा वृद्धाश्रम आहे. तिथं वर्षभर व्हॉलंटिअर म्हणून माझी निवड झाली. पुढच्याच रविवारी पप्पांनी माईक हातात घेतला. "एके काळी तिकडून गोरे मिशनरी बोटीनं आपल्याकडे आले. आज पनवेल मंडळी एक मिशनरी विमानानं परत पाठवते आहे!"

टाळ्या! पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बायका रडल्या. मी मान खाली घालून उभी होते आणि मनात माझ्या कामाची यादी वाचत होते. अंघोळ घालणे. भरवणे. डायपर बदलणे. ती यादी माझ्या ईमेलमध्ये होती आणि पप्पांना मी एवढंच सांगितलं होतं, की म्हाताऱ्या माणसांमध्ये काम आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर मी खुर्चीत बसून आजी-आजोबांना शास्त्रपाठ वाचून दाखवत होते.

खोटं का बोललीस, असं विचाराल. माझे पणजोबा एका नगरपालिकेत कामाला होते. कोणत्या कामाला, हे आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, पप्पा मास्तर झाले, मी बी.एस्सी. दुसऱ्यांची घाण काढायचं काम आपल्या घरातून कायमचं गेलं, याचा पप्पांना जेवढा अभिमान आहे, तेवढा माझ्या डिग्रीचाही नाही. त्यांना कळलं तर ते रागावणार नाहीत, गप्प होतील, ही मला भीती होती. पप्पांचं रागावणं मला चालतं, त्यांचं गप्प होणं सोसत नाही.

*

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या ठाकूर काकू आल्या. त्या मूळच्या उरणकडच्या. त्यांनी माझ्या हातात एक जाडजूड पुडकं ठेवलं. "तिकडं मावरा नाय भेटत गो पोरी. ही सुकी मांदेली ने. चार दिस तरी जेवशील."

तिथं आम्ही तीन व्हॉलंटिअर एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी, ब्राझीलची लुआना आणि केनियाचा पीटर. पीटर सहा फूट दोन इंच, आवाज चर्चच्या घंटेएवढा. पहिल्याच आठवड्यात मी मांदेली भाजायला घेतली. लुआनानं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि स्वतः बाल्कनीत जाऊन उभी राहिली. पीटर मात्र बाथरूममधून तोंडाला फेस तसाच घेऊन धावत आला. "हे तुझ्याकडे कसं? हे तर आमच्या गावचं!" त्यांच्याकडेही अशीच बारीक सुकी मासळी असते म्हणे. आम्ही दोघांनी मिळून अर्धं पुडकं संपवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर खालच्या मजल्यावरच्या बाईंची चिठ्ठी. अगदी सभ्य भाषेत. "तुमच्या घरात काहीतरी मेलं आहे. कृपया शोधावे."

पीटरनं त्याच चिठ्ठीखाली लिहिलं, "सापडलं. खाल्लं. धन्यवाद."

*

पहिला रविवार. मी साडी नेसले आणि जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी जाऊन पोचले. चर्च केवढं, चारशे माणसं सहज बसतील असं! उपासना सुरू झाली तेव्हा आम्ही अकरा जण होतो. आणि अकरा जण अकरा बाकांवर.

आपल्याकडे असं एकटं कोणी बसतं का? मी उठले आणि दुसऱ्या रांगेतल्या एका आजींच्या शेजारी जाऊन बसले. आजी थोड्या सरकल्या. मला वाटलं, माझ्यासाठी जागा करतायत. मीही सरकले. त्या पुन्हा सरकल्या. मी पुन्हा सरकले. असं करत करत बाक संपलं.

सोमवारी कामावर गेले तर त्याच आजी वृद्धाश्रमातल्या चौदा नंबरच्या खोलीत! वेबर आजी. आमच्या प्रमुख सिस्टरना त्या गंभीरपणे सांगत होत्या, "नवीन मुलगी चांगली दिसते. पण काल आणखी एक गाणं असतं, तर ती माझ्या मांडीवर बसली असती."

*

तिथं मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "तू ख्रिस्ती कधी झालीस?" इंडियाची मुलगी आणि नाव रूथ, हे त्यांना जुळतच नसे. मी म्हणायचे, "माझ्या आजोबांचे आजोबा झाले. मी नुसती जन्मले."

एका वयस्क गृहस्थांनी त्याच्याही पुढं जाऊन विचारलं, "पण त्यांना ख्रिस्ती केलं कोणी?"

"तुमच्याच देशातून आलेल्या एका साहेबांनी," मी म्हटलं.

गृहस्थ अदबीनं झुकले आणि म्हणाले, "सॉरी!"

*

आता काम. पहिल्या दिवशी सिस्टरनी शिकवलं. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, कुठून पुसत यायचं, चादर माणसाखालून कशी काढायची. मला उलटी येईल असं वाटलं होतं, ती आली नाही. हात भराभर शिकत गेले. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं, आणि हे पप्पांना सांगणं तर त्याहून अवघड होतं.

दर शनिवारी पप्पांचा व्हिडिओ कॉल, दुसऱ्या दिवशी मंडळीत माझा रिपोर्ट वाचायचा असे.

"या आठवड्यात काय केलंस?"

"रोज सकाळी सात जणांना भेटते, पप्पा." हे काही खोटं नव्हतं.

"रोज सात!" पप्पा लिहून घेत होते. "त्यातल्या किती जणांनी प्रभूला स्वीकारलं?"

"पप्पा, ते आधीपासून ख्रिस्ती आहेत."

पप्पांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "असू दे. परत स्वीकारायला काय हरकत आहे?"

मम्मीनं मागून विचारलं, "हात एवढे लाल का दिसतायत गं?" मी म्हटलं, थंडीनं. दिवसाला तीस वेळा साबणानं धुतले की कोणाचेही होतात. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला रडू आलं. लुआनानं काही न विचारता कॉफी करून दिली.

*

ट्रेनचा किस्सा छोटाच आहे. आम्ही तिघं सुट्टीत व्हिएन्नाला निघालो होतो. मी चपात्या आणि बटाट्याची भाजी केली होती. डबा उघडला आणि पीटर म्हणाला, मी प्रार्थना करतो. आमच्या पाळकसाहेबांच्या प्रार्थना लांब असतात, पण पीटरपुढं ते काहीच नाहीत. त्यानं चपातीपासून सुरुवात केली, मग ट्रेनचा ड्रायव्हर, मग ब्राझील, पनवेल, केनियातल्या त्याच्या चारही बहिणी नावानिशी. मी डोळे किलकिले करून पाहिलं तर समोर टीसी टोपी काढून उभा.

एक स्टेशन आलं आणि गेलं. शेवटी पीटर थांबला. टीसी म्हणाला, "आमेन. तिकिटं."

*

पप्पांचा युरोप आणि माझा युरोप वेगळा. पप्पांना शास्त्रात, म्हणजे बायबलात, जी गावं येतात तेवढीच माहीत. पॅरिसला गेले आणि टॉवरचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "छान. इथून करिंथ किती लांब?" ॲमस्टरडॅमचे कालवे पाठवले, "छान. करिंथला कधी?" व्हिएन्नाच्या राजवाड्याला तर नुसतं "बरं".

शेवटी ऑक्टोबरात आम्ही तिघं ग्रीसला गेलो आणि मी जुन्या करिंथच्या अवशेषांमधून पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. पप्पांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चष्मा पुसला.

"मंडळी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कसली मंडळी, पप्पा? दगड आहेत. हे खांब, त्या पलीकडे एक मांजर."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

पप्पांनी मला फोन त्या दगडांवरून पुन्हा एकदा फिरवायला लावला. करिंथच्या मंडळीत भांडणं फार होती, हे आम्ही संडे स्कूलपासून ऐकत आलोय. आणि नेमकी त्याच संध्याकाळी पनवेलला पंचकमिटीची मीटिंग होती. ढोलकी ठेवायची की ड्रमसेट आणायचा, यावरून दोन गट पडले होते आणि तीन महिने एकमेकांना सलामसुद्धा करत नव्हते. मम्मीनं नंतर सांगितलं. आरडाओरडा टिपेला पोचला तेव्हा पप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "करिंथहून आत्ताच बातमी आली आहे. तिथं कोणी उरलेलं नाही!"

ढोलकी राहिली. ड्रमसेटही आला.

*

हिवाळ्यात वेबर आजी पडल्या आणि त्यांचं चालणं बंद झालं. मग सकाळचं त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. त्या मला "बाकावरची मुलगी" म्हणायच्या. जानेवारीतला रविवार होता, सकाळचे सहा, म्हणजे पनवेलला साडेदहा. आजींची रात्र वाईट गेली होती. गादीपर्यंत सगळं भरलं होतं. मी त्यांना कुशीवर वळवून जेमतेम सुरुवात केली आणि खिडकीत टेकवून ठेवलेला फोन वाजला. पप्पा.

उपासना चालू असताना पप्पा कधीच फोन करत नाहीत. मम्मीला काही झालं की काय? मी कोपरानं कॉल घेतला.

स्क्रीनवर पप्पा होते, हातात माईक. त्यांच्या मागं सगळी मंडळी. पप्पांचं वाक्य अर्ध्यावर होतं, "...आणि आता थेट जर्मनीहून, सुवार्तेचं काम करणारी आपली..."

मग त्यांना मी दिसले. मला नंतर कळलं, भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर मी सगळ्यांनाच दिसत होते. प्लॅस्टिकचा एप्रन, कोपरापर्यंत हातमोजे आणि उजव्या हातात गुंडाळलेला डायपर. आजी पलंगाभोवतीच्या पडद्याआड होत्या तेवढं देवानं राखलं.

पप्पा गप्प झाले. ज्याची वर्षभर भीती होती, अगदी तसेच. पाळकसाहेब चुळबुळले. पहिल्या रांगेत कोणीतरी पदर नाकाला लावला, जणू वास तिथपर्यंत जात होता.

"कोण आहे?" पडद्यामागून आजींनी विचारलं.

"माझे वडील," मी म्हटलं.

"मग त्यांना सांग, मला थंडी वाजतेय."

पप्पांनी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मी सांगितलं. "त्या उघड्या आहेत, पप्पा. त्यांना थंडी वाजतेय."

पप्पांनी माईक खाली घेतला. पुन्हा वर घेतला. "आधी त्यांचं उरक," ते म्हणाले. "आम्ही थांबतो."

मी फोन खिडकीत उताणा ठेवला. पनवेल मंडळीला आता जर्मनीतलं छत दिसत असणार. मला वाटलं, मिनिटभरात कॉल कट होईल. मी नवीन पाणी घेतलं, आजींना पुसलं, कुशी बदलली, चादर काढली. आजी कण्हल्या की मी आपलं मराठीतच "झालं, झालं" म्हणत होते.

तेवढ्यात खोलीत मोठ्यांदा आवाज घुमला, "पाणी कोमट हाय ना गं? गार पाण्यानं म्हातारं माणूस दचकतं!"

तो शांता मावशीचा आवाज होता. मावशी तीस वर्षं एका हॉस्पिटलात आया होती. मंडळीत कायम शेवटच्या बाकावर बसते, साक्ष द्यायला, म्हणजे पुढं येऊन देवाचा अनुभव सांगायला, बोलावलं तरी उठत नाही. "कोमट आहे, मावशी," मी न वळता ओरडले.

"आनि जोर लावून घासू नगंस. टिपून घे."

मी टिपून घेतलं. क्रीम लावलं, नवीन डायपर, स्वच्छ गाऊन, वरून दोन पांघरुणं. आजींनी डोळे मिटले. हातमोजे काढून हात धुतले आणि भीतभीतच फोन उचलला. अकरा मिनिटं झाली होती.

ऐंशीच्या ऐंशी माणसं तिथंच होती आणि सगळी उभी होती. पुढं, पप्पांच्या जागी, शांता मावशी होती. माईक तिच्या हातात होता आणि पप्पा तिच्या शेजारी हात जोडून उभे होते. मावशी स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि तिनं विचारलं,

"पाठ कोरडी केलीस ना गं नीट?"