नंदकुमारच्या नटांवरची लाल रेघ

...तर काल कुठं थांबलो होतो? हां, चारबागच्या सायकलवाल्यापाशी. आमच्या खालच्या मजल्यावरचा नंदकुमार त्याला म्हणाला, "भैया, इस कैरियर की चौकशी करनी है." दुकानदार म्हणाला, "चौकसी की फिकर मत कीजिए अंकल, बाहर गार्ड बैठा है." हिंदीत चौकसी म्हणजे पहारा. लखनऊत निम्मं आयुष्य काढून हे माणसाला ठाऊक नाही. उलट त्याला त्या गार्डचाच संशय आला.

नंदकुमार मूळचा कराडचा. एअर फोर्समध्ये विमानांचे नट आवळण्यात सगळी नोकरी काढली, लखनऊबाहेरच्या बख्शी का तालाबच्या विमानतळावरून निवृत्त होऊन इंदिरा नगरात आला. माझं वयसुद्धा तो खरं मानत नाही. म्हणतो, "अप्पा, गावच्या मास्तरानं तारीख अंदाजे टाकली असणार." टाकलीच होती, ते सोडा.

गेल्या हिवाळ्यात तो सायकलवरून चित्रकूटला निघाला. रायबरेलीच्या अलीकडे मागचं कॅरिअर तुटलं, पिशवी चाकाच्या तारांत गेली, हा रस्त्यावर. खांद्याचं हाड मोडलं. त्याची बायको लीलावती तेव्हाच म्हणाली, "आता एकदा पडलात, की सायकल कबाड्याला, भंगारात." म्हणजे सगळी सायकलच आता त्या कॅरिअरवर टांगलेली.

दुकानदारानं आधी चकचकीत ॲल्युमिनियमचं काढलं. सीटच्या दांड्याला एकच चिमटा.

"पच्चीस किलो लेगा."

"किसने रखके देखा?"

"स्टिकर पे लिखा है."

"स्टिकर तो मैं भी छाप लूँ."

शेवटी पसंत पडलं ते काळं, पोलादी नळीचं. दोन पाय खाली चाकाच्या आसाजवळ, दोन वर सीटखाली, चारही ठिकाणी बोल्ट. मोडलंच तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला भेटतो. दुकानदार पोलाद म्हणाला म्हणून यानं खिशातून लोहचुंबक काढून लावून पाहिलं, प्रत्येक जोड नखानं खरवडला.

घरी येऊन चारही नट आवळले आणि प्रत्येक नटावरून खालच्या नळीपर्यंत लीलावतीच्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. विमानावरची सवय. नट केसभर फिरला की रेघ तुटते. मग नवरा-बायकोचं ठरलं: वीस किलो गहू लादून बख्शी का तालाबपर्यंत जाऊन यायचं. रेघा शाबूत, तर चित्रकूट. नाहीतर कबाडी.

रविवारी सकाळी निघण्याआधी तो वर आला आणि माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. "अप्पा, ठेवा. मी येईपर्यंत कुणाला दाखवू नका." बघतो तर नेलपॉलिशची बाटली. या वयात माझ्या खिशात हे. नातसुनेनं पाहिलं असतं तर काय सांगणार होतो?

दुपारी परतला. मी खाली पोचेपर्यंत लीलावती चष्मा लावून मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती. चारही रेघा जशाच्या तशा. मला वाटलं, झालं. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याची संशयाची खोड तिलाही लागलीय.

"अहो, माझी बाटली सकाळपासून जागेवर नाही. वाटेत थांबून नवी रेघ ओढली नाहीत कशावरून?"

मी खिशातून बाटली काढून तिच्या हातावर ठेवली. "निघायच्या आधीच माझ्याकडे देऊन गेला."

तिनं बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अप्पांकडे कशाला दिलीत?"

नंदकुमार गव्हाची पिशवी उतरवत म्हणाला, "रेघ तुटलेली दिसली असती, तर मी खरंच नवी ओढली असती. माझा मलाच भरवसा नव्हता."