चार घरांचा पेपर

एक पेपर चार घरांत फिरला की बातम्या शिळ्या होतात आणि किस्से मात्र साठत जातात. आमच्या कुंभार पिंपळगावात असे इतके साठलेत की चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "गुरुजी, ते पेपरचं सांगा." मी सांगतो. हल्ली सांगताना पहिल्यासारखं हसू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

पेपर एसटीनं यायचा. किसनशेठचं किराणा दुकान स्टँडसमोर, म्हणून पहिला मान त्यांचा. तिथून तो बापूरावांकडे जायचा. जमीन, ट्रॅक्टर आणि प्रत्येक गोष्टीवर मत, तिन्ही भरपूर असलेला माणूस! मग माझ्याकडे, कारण मला शब्दकोडं लागायचं. आणि शेवटी रशीदचाचांकडे. चाचा गावातले जुने टेलर. शेवटचा नंबर त्यांनीच मागून घेतला होता, कारण रद्दी त्यांना लागायची. मापाचे कागद कापायला आणि शिवलेले कपडे गुंडाळून द्यायला.

बापूरावांना मत मनात ठेवायची सवय नव्हती. बातमी वाचली की समासात पेननं लिहायचे. त्यांचं बघून किसनशेठही लिहू लागले. त्यांचं मत एकच, हवामानाच्या अंदाजाशेजारी रोज एक शब्द: "झूट." वर्षभर! मीही लिहायचो, पण माझं लक्ष लोकांच्या चुका दुरुस्त करण्यात जास्त.

चाचाही लिहायचे. मी एकदा म्हटलं, "चाचा, तुमच्यानंतर पेपर कुणाकडंच जात नाही. तुमचं मत वाचणार कोण?"

चाचा मशीन थांबवून म्हणाले, "कपडे शिवायला टाका, गुर्जी. मंग वाचायला भेटंल."

आणि खरंच, शिवलेला शर्ट घरी नेऊन उघडला की गुंडाळलेल्या कागदावर चाचांचं मत असायचं. बापूरावांच्या लांबलचक भाषणाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "पाणी कधी येणार ते सांगा."

*

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं. बापूरावांनी सकाळीच पेपर हातात घेतला आणि समासात मोठ्या अक्षरात ठोकून दिलं, "बरं झालं! लई माजले होते तेलवाले!"

मी वाचलं, हसलो, शब्दकोडं सोडवलं आणि पेपर चाचांकडे पाठवून दिला. माझ्याही डोक्यात आलं नाही. शिकवणारा माणूस मी, पण डोकं कधी बंद पडेल सांगता येत नाही.

आठ दिवसांनी बापूराव शिवलेला पायजमा घेऊन घरी गेले. उघडला. आत तोच कागद. त्यांच्या मताखाली चाचांनी लिहिलं होतं:

"सलीम तिथंच आहे."

सलीम म्हणजे चाचांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपासून कुवेतला एसीचं काम करत होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं! त्याला निरोप द्यायला बापूराव स्वतः जीप घेऊन गेले होते.

चाचांनी तो कागद मुद्दाम गुंडाळला की हाताला लागला तो घेतला, हे कुणी विचारलं नाही. बापूरावांनी तो पायजमा कधी घातला नाही आणि पेपरात पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

*

तिकडून विमानं भरभरून माणसं येऊ लागली. जालन्याच्या बाजूचा एक पोरगा परत आल्याचं कळलं. सलीमच्याच खोलीत राहणारा. चाचा आणि मी त्याला भेटायला गेलो. जाताना चाचांनी नवा सदरा घातला होता.

पोरगा रडवेला झाला. म्हणाला, "चाचा, हम साथही निकले थे. भीड बहुत थी. वो बॉर्डर की दुसरी बस में बैठा."

"मंग ती बस?"

"पहुंची ही नहीं," पोरगा म्हणाला. चाचांनी त्याच्या सदऱ्याची उसवलेली बाही बघितली आणि म्हणाले, "ये पिंपळगावला. शिवून देतो."

आम्ही परत आल्यावर चाचीनं रेडिओ ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

*

माफी मागणं बापूरावांना जमलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. त्यांना ते जमलं नाही. त्याऐवजी ते ब्लेड घेऊन बसले. कुवेतची बातमी दिसली की कापायची आणि मग पेपर पुढं पाठवायचा! "चाचांच्या नजरेस पडायलाच नको," हा त्यांचा उपाय.

पहिल्याच दिवशी पेपर माझ्याकडे आला तेव्हा मधोमध हाताएवढं भोक. मी उलटून बघितलं. पाठीमागं शब्दकोडं होतं!

मी तडक त्यांच्याकडे गेलो. "बापूराव, आडवे शब्द सगळे गेले!"

"तुम्हाला आडव्या शब्दांचं पडलंय, गुर्जी? इथं माणूस जाऊन राह्यला!"

मला लाज वाटली. शेवटी असं ठरलं की कापायचं काम माझं, कारण चाचांच्या आधीचा नंबर माझा. मी शब्दकोडं सोडवायचो आणि मग कापायचो. कात्रणं फेकून द्यायला मन होईना. न जाणो, कधी सलीमचं नाव निघालं तर? म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवत गेलो.

युद्ध पेटल्यावर काही दिवस पेपरात भोकंच जास्त आणि पेपर कमी अशी गत झाली. चाचा एकदा माझ्या बायकोच्या ब्लाउजचं माप कागदावर आखताना पुटपुटले, "गळ्याच्या जागी आधीच गळा पडलेला हाय."

*

दर जानेवारीत बापूरावांच्या गोदाकाठच्या शेतात हुरडा व्हायचा. चार घरं, एक ट्रॉली. त्या वर्षी जावं की नाही यावर खल झाला. चाचाच म्हणाले, "चला ना. घरात बसून कोण येणार हाय?" चाची मात्र आली नाही.

हुरडा गोड होता. पोरं ट्रॉलीवरून उड्या मारत होती. किसनशेठ नेहमीसारखे आभाळाकडे बघून अंदाज खोटा ठरवत होते. माझ्या बायकोनं घरून लसणाच्या चटणीच्या पुड्या करून आणल्या होत्या, प्रत्येकाच्या हातात एकेक दिली.

चाचांनी पुडी उघडली. चटणी हुरड्यावर घेतली. मग तेलकट झालेला कागद हातावर सरळ केला आणि वाचू लागले.

मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. डबा! स्वयंपाकघरातला डबा!

बापूरावांच्या हातातलं कणीस निखाऱ्यात पडलं. चाचांनी सगळी बातमी वाचली. बाँबची होती. चटणीनं झाकलेलं अक्षर अंगठ्यानं पुसून वाचलं. मग कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले,

"वहिनी, मीठ बराबर हाय."

बायको ट्रॉलीच्या मागं जाऊन रडली. मी तेवढंही केलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलं की आता कापणं बंद. काय अर्थ राहिला होता? मी पेपर आख्खा पाठवला.

संध्याकाळी चाचा स्वतः दारात. हातात जुनी कात्री. मला वाटलं, आता आयुष्यभराचं ऐकावं लागणार.

"ही घ्या. कापडाला न्हाई चालत आता, कागदाला चालती. तुमची कटाई लई वाकडी होऊन राह्यली, गुर्जी."

"चाचा, आता कशाला? तुम्हाला तर..."

"घरी ती रोज विचारती, पेपरात तिकडचं काय आलंय? भोक असलं की दाखवतो, म्हणतो, मला वाचायलाच न्हाई भेटलं. खोटं बोलावं लागत न्हाई."

मी कात्री घेतली. दुसऱ्या दिवसापासून सरळ कापू लागलो.

*

युद्ध संपलं. उन्हाळा लागला. पेपरात निवडणुकीची भाषणं सुरू झाली आणि कुवेत आतल्या पानावर गेलं, मग कोपऱ्यात गेलं, मग गेलंच. कापायला काही उरलं नाही. मला तर हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

एका दुपारी चाचा शाळेत आले. इतक्या वर्षांत शाळेत कधी आले नव्हते. मी बाहेर आलो. ते व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे होते.

"गुर्जी, पेपर आख्खा येऊन राह्यला."

"हो, चाचा."

"आज चौथा दिवस."

"तिकडचं काही छापूनच येत नाही आता."

चाचांनी मान हलवली. म्हणाले, "तिला वाचता येत न्हाई, पण भोक दिसतं. भोक दिसलं की म्हणायची, अजून चालू हाय तिकडं, अजून शोधून राह्यलेत. चार दिवस झाले, पेपर हातात घेती, उलटापालटा करती अन् ठेवून देती. परवापासून जेवली न्हाई."

ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. किसनशेठचं "झूट" होतं. मी सगळी पानं दोनदा चाळली. कुवेत कुठंच नव्हतं. चौथ्या पानावर सिमेंटची जाहिरात होती. मी ती कापायला घेतली.

बायको पाठीमागं उभी राहून बघत होती. म्हणाली,

"अहो, जरा मोठं कापा."