थंडीनं आखडलेला नाग

नव्वद सालानंतरचा कुठलासा पौष असेल. त्या वर्षी आमच्या गावात अशी थंडी पडली होती, की सकाळी कडब्याच्या गंजीवरचं दहिवर पांढरंफेक दिसायचं आणि दोन-दोन घोंगड्या घेऊनही दात वाजायचे. अशाच एका सकाळी मेंढरांच्या वाड्याला लागून नाग पडलेला दिसला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला काठीनं उलटा केला. अंग लाकडासारखं ताठ. फुत्कार नाही की वळवळ नाही.

दारात नाग मेला तर आमच्याकडे त्याला फेकून देत नाहीत, माणसासारखा अग्नी देतात. त्यात वहिनीला पाचवा महिना, म्हणून आई तर हटूनच बसली. आबांनी कापसाच्या पऱ्हाट्या रचल्या, नागावर तूप सोडलं, हात जोडले आणि काडी ओढली.

धग लागली आणि नागानं फणा काढला!

आई गं! आजही अंगावर काटा येतो. आबांनी आधी काठी घातली, मग हातच घातला. पण वाळलेल्या पऱ्हाट्या त्या, थांबतात होय? मनगटापर्यंत भाजून घेतलं बिचाऱ्यांनी, पण नाग काही वाचला नाही.

महिन्याच्या आत वहिनीचं लेकरू पोटातच गेलं. अंगात रक्त कमी होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण गावाचं तोंड कोण धरणार? आबांनी अन्न सोडलं. शेवटी चुलत्यांनी त्यांना समजावलं, "अरं, सरणावर मढं न्हाई का उठून बसत? धगीनं शिरा आखडत्यात. मेलेलाच व्हता त्यो. काहून सोताला खाऊन राहिला?"

आबांनी ते घट्ट धरलं. पुढं कुणी विषय काढायच्या आधीच म्हणायचे, "मेलेलाच व्हता. शिरा आखडल्या."

बारा वर्षांनी मी हिंगोलीला शाळेत विज्ञान शिकवत होते. उष्ण मुलखातले साप गोठवणाऱ्या थंडीत जगतात का, असं एका पोरीनं वर्गात विचारलं. मी पुस्तकं धुंडाळली आणि रविवारी घाईघाईनं गावी गेले.

"आबा," मी म्हटलं, "सापाच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते. पार गोठला तर मरतो, पण आपल्याकडच्या गारठ्यानं नुसता आखडतो. ऊन लागलं की उठतो. भल्याभल्यांना कळत न्हाई. तुमची काहीच चूक नव्हती."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. काय ती माझी अक्कल!



"म्हंजे जित्ता व्हता," आबा म्हणाले.

"आबा, तसं न्हाई..."

"उन्हात ठिवला असता तर गेला असता निघून." त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. "सूनबाईचं लेकरू आज सहावीत असतं."