महालक्ष्म्यांच्या दिवशी पनूचा टॅब

सौंसरच्या सुनंदाबाई सोवळ्याच्या मोठ्या कडक. महालक्ष्म्या बसल्या की तीन दिवस त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरठा घरच्या माणसालाही ओलांडता येत नसे. धाकट्या जावेची, पूनमची, आठ वर्षांची पनू मात्र या मोठीआईच्याच पदराला धरून वाढली. पनूला ऑटिझम. कळायचं सगळं, पण तोंडून शब्द येत नसे. म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी टॅब घ्यायला लावला होता. त्यातल्या चित्रावर बोट ठेवलं की पूनमच्याच आवाजात तो बोले : पाणी, भूक, मोठीआई, नको.

महानैवेद्याच्या दिवशीही पूनमची दवाखान्यात ड्युटी होती; ती नर्स. निघता निघता म्हणाली, "ताई, पनूचा टॅब तिच्याजवळच राहू द्या बरं."

"हो वं बाई, जाय तू. मी आहो न घरी."

सुनंदाबाईंनी पनूसाठी हौसेनं जरीकाठाचं परकर-पोलकं शिवलं होतं. ते अंगावर चढलं आणि पोर टॅब घेऊन थेट मुखवट्यांसमोर गेली. टॅबचं कव्हर चामड्याचं! सुनंदाबाईंनी टॅब ओढून घेतला, कपाटात टाकून कुलूप लावलं आणि पुन्हा अंगावर पाणी घेऊन पुरणाला लागल्या.

पनू कपाटावर बुक्क्या मारू लागली.

"कशी सोंगं करून राहिली पाहा!" ओसरीवर भाज्या चिरत बसलेल्या शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या. "मोबाइलचं याड हो हे. आमचा नातू बी असाच."

"नैवेद्य झाला का टॅब भेटन तुले, पनू!" सुनंदाबाई आतूनच ओरडल्या.

थोड्या वेळानं बुक्क्या थांबल्या. पोरीला सुबुद्धी दिली म्हणून सुनंदाबाईंनी महालक्ष्म्यांना हात जोडले.

ते हात जोडणंच पुढे त्यांना छळत राहिलं. दुपारी पूनम आली तेव्हा पनू कपाटामागे स्वतःचं मनगट चावत बसली होती. सुनंदाबाईंनी कुलूप काढलं. टॅब हातात पडताच पनूनं बोट ठेवलं.

"टोचते. मान. टोचते."

पोलक्याच्या गळ्याशी जरीची तार उसवून वर आली होती. मान घासून घासून लाल, एका जागी रक्त.

"केव्हापासून कपाटात होता?" पूनमनं विचारलं.

"सकाळपासून."

पूनमनं पोलकं उतरवलं आणि रक्त पुसलं. कव्हर तेवढं काढून ठेवलं असतं तरी सोवळं राहिलं असतं, हे सुनंदाबाईंना आता सुचत होतं. संध्याकाळी आरती करताना मुखवट्यांकडे वर मान करून पाहणं त्यांना जमलं नाही.

देवी उठल्यावर त्यांनी परकराची जरी उसवून काढली आणि उरलेल्या कापडाची टॅबसाठी पिशवी शिवली. पण मोठीआई दिसली की टॅब म्हणे, "नको." त्या पिशवी जमिनीवर ठेवून लांब सरकून बसायच्या.

एक दिवस पनूनं आपणहून पिशवीवरून हात फिरवला. थांबली. मग टॅबवर बोट ठेवलं.

"टोचते."

सुनंदाबाईंना कुठंच काही दिसेना. पण सोंग म्हणायला आता जीभ रेटत नव्हती. त्यांनी पिशवी आपल्याच मानेवर घासून पाहिली. शिवणीत दोऱ्याची एक गाठ राहिली होती, राईएवढी.

"हो वं माय, टोचते," म्हणत त्यांनी कात्री घेतली.

पनू जवळ आली नाही. पण उठून गेलीही नाही.